रखमाबाईंचा नकार आणि वयात येण्याचे विज्ञान

मुलीला पदर आला, न्हाण आले, मुलगी शहाणी झाली. पहिल्या पाळीसाठी मराठीत असे किती तरी शब्द आहेत. या सगळ्या शब्दांमागे एक जुनी समजूत होती: पाळी आली की मुलगी मोठी झाली, तिचे शरीर संसाराला आणि बाळंतपणाला तयार झाले, आता तिला सासरी पाठवायला हरकत नाही. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका डॉक्टरने आपल्या घरापुरती तरी ही समजूत मानायला नकार दिला. त्या नकाराने एका मुलीचे आयुष्य बदलले आणि पुढे देशाच्या कायद्यावरही त्याची सावली पडली. ती मुलगी म्हणजे डॉ. रखमाबाई, भारतात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी एक.

अकराव्या वर्षी लग्न

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील जनार्दन पांडुरंग आणि आई जयंतीबाई. रखमा दोन वर्षांची असताना वडील वारले, तेव्हा जयंतीबाई होत्या अवघ्या १७ वर्षांच्या. म्हणजे पहिले बाळंतपण त्यांना पंधराव्या वर्षीच सोसावे लागले होते. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करण्याची मोकळीक होती. काही वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी झाला.

सखाराम अर्जुन हे त्या काळच्या मुंबईतले मोठे नाव. ते वैद्यकी करत आणि वनस्पतिशास्त्राचेही जाणकार होते. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्या आठ संस्थापकांत दोनच भारतीय होते, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. निसर्गाकडे नीट पाहणे, जे दिसेल ते नोंदवणे, हा त्यांचा स्वभाव.

तरीही घरातल्या मुलीचे लग्न लहानपणी करण्याची रीत त्यांच्याही घराला चुकली नाही. रखमा ११ वर्षांची असताना तिचे लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. दादाजींनी सासऱ्यांच्या घरी राहावे, शिकावे, स्वतःच्या पायावर उभे राहावे असे ठरले होते.

लग्नानंतर काही महिन्यांतच रखमाला पाळी आली. रीतीप्रमाणे आता गर्भाधानाचा विधी व्हायचा, म्हणजे पतिपत्नींचे सहजीवन सुरू व्हायचे. सखाराम अर्जुन यांनी त्याला परवानगी दिली नाही. एवढ्या कोवळ्या वयात शरीरसंबंध आणि गर्भारपण नको, ही त्यांची डॉक्टर म्हणून भूमिका होती. दादाजींना आणि त्यांच्या नातेवाइकांना ते रुचले नाही.

पाळी म्हणजे अर्धी वाट

सखाराम अर्जुन यांच्या काळी संप्रेरक हा शब्दही शास्त्रात नव्हता. आज आपल्याला वयात येण्याची प्रक्रिया बरीच उलगडली आहे, आणि ती त्यांच्याच बाजूने साक्ष देते.

या प्रक्रियेची सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. बालपणी तो बराच काळ शांत असतो. ठराविक टप्प्यावर तो पुन्हा जागा होतो आणि थोड्या थोड्या वेळाने, आधी मुख्यतः रात्री झोपेत, एक संप्रेरक सोडू लागतो. त्याने खालची पिच्युटरी म्हणजे पियुषिका ग्रंथी कामाला लागते. पियुषिका ग्रंथीतून निघणारी दोन संप्रेरके मुलीत बीजकोशांना आणि मुलात वृषणांना जागे करतात. मग बीजकोशांतून इस्ट्रोजेन आणि वृषणांतून टेस्टोस्टेरॉन तयार होऊ लागते. हायपोथॅलॅमसला जागे करणारी कळ कोणती, याचा मोठा धागा २००३ मध्ये हाती लागला. किसपेप्टिन नावाच्या प्रथिनाचा संदेश मेंदूत पोहोचत नसेल तर ती व्यक्ती आपोआप वयात येत नाही, असे काही कुटुंबांच्या अभ्यासातून दिसून आले.

मुलींमध्ये पहिली बाहेरून दिसणारी खूण बहुधा छातीवर येणारी छोटी गाठ. ती ८ ते १३ या वयात केव्हाही दिसू शकते. पुढे काखेत आणि जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते, आणि साधारण दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. म्हणजे पाळी हा वयात येण्याचा पहिला टप्पा नाही. आणि तो शेवटचा तर नाहीच.

पाळी आल्यानंतर मुलीची उंची बहुधा आणखी ५ ते ७ सेंटिमीटर वाढते. पहिली एक-दोन वर्षे अनेक पाळ्यांत बीजकोशातून बीज सुटतच नाही, म्हणून पाळी मागेपुढे होते. हाडांत कॅल्शियम साठण्याचे मोठे काम याच वर्षांत चालते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कमरेच्या हाडांचा घेर. बाळाला बाहेर येण्याची वाट याच हाडांतून जाते. ही वाट उंचीच्या मागून सावकाश रुंदावत जाते आणि पाळी सुरू झाल्यावरही काही वर्षे तिची वाढ चालू असते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला गर्भ राहू शकतो, पण त्या गर्भाला बाहेर येण्याची वाट तिच्या शरीरात अजून पुरी झालेली नसते.

त्यामुळे कोवळ्या वयातले बाळंतपण अडते, लांबते. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला इजा होऊन कायमचे लघवी गळण्याचे दुखणे जडू शकते. झटके येण्याइतका रक्तदाब वाढणे, बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग, रक्तक्षय हे धोकेही या वयात अधिक. आई स्वतःच वाढत असते, त्यामुळे अन्नातल्या लोह-कॅल्शियमसाठी आई आणि बाळ यांच्यात ओढाताण होते. बाळ कमी वजनाचे किंवा अपुऱ्या दिवसांचे जन्मते.

दोन मुली, दोन वाटा

या धोक्याचे उदाहरण रखमाबाईंच्याच काळात, त्यांच्याच वयाच्या एका मुलीत सापडते. आनंदीबाई जोशी या रखमाबाईंहून जेमतेम चार महिन्यांनी लहान. त्यांचे लग्न नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी झाले आणि चौदाव्या वर्षी त्या आई झाल्या. बाळ दहा दिवसच जगले. त्या दुःखातून त्यांनी डॉक्टर होण्याचा ध्यास घेतला, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि १८८६ मध्ये एम.डी. झाल्या. पण क्षयाने त्यांना गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची २२ वर्षेही पूर्ण होण्याआधी त्या गेल्या. डॉक्टर म्हणून काम करण्याची संधी त्यांना मिळालीच नाही.

रखमा मात्र वडिलांच्या, म्हणजे सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिली. शाळा सुटली होती, तरी वाचन सुटले नाही. फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून ती घरीच शिकली. तिकडे दादाजींनी शिक्षण सोडले होते. ते मामाकडे राहत, कर्जबाजारी झाले होते, त्यांची प्रकृतीही खालावली होती. रखमाबाईंनी त्यांच्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात बायकोने नांदायला यावे म्हणून दावा लावला. या दाव्यामागे मालमत्तेचाही प्रश्न होता, कारण जयंतीबाईंनी पहिल्या पतीची मालमत्ता मुलीच्या नावे केली होती. निकाल लागण्याआधीच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन यांचे निधन झाले. पाठीशी उभा असलेला डॉक्टर बाप गेला. २० वर्षांच्या रखमाबाईंना पुढची लढाई स्वतः लढावी लागली.

त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडियामध्ये एक हिंदू स्त्री या टोपणनावाने त्यांची पत्रे छापून आली. बालविवाहाने मुलीचे शिक्षण कसे तुटते, तिच्या मनाची आणि शरीराची वाढ कशी खुंटते, हे त्यांनी त्यांत मांडले.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. असहाय बालवयात लावलेल्या लग्नापोटी, जिथे सहजीवन कधी सुरूच झाले नाही तिथे, एका तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध नांदायला लावणे त्यांना अमानुष वाटले. पण अपिलात हा निकाल फिरला. प्रकरण पुन्हा सुनावणीला गेले आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला: नवऱ्याकडे राहायला जा, नाही तर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोगा. आनंदीबाई जाऊन अवघे सहा दिवस झाले होते. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली.

देशभर वाद पेटला. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतही त्यांचे नाव गाजले. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या बाजूने होते, तर लोकमान्य टिळकांच्या केसरीने त्यांच्याविरुद्ध भूमिका घेतली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. रखमाबाई तुरुंगात गेल्या नाहीत आणि सासरीही गेल्या नाहीत.

कायद्याने पकडलेला आकडा

रखमाबाईंच्या खटल्याची चर्चा शमली नव्हती तोच बंगालमधून एक भयंकर बातमी आली. फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधात रक्तस्राव होऊन मरण पावली. तेव्हाच्या कायद्यात संमतीचे वय होते १० वर्षे. मुलगी त्याहून मोठी असल्याने नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू शकला नाही.

भारतात काम करणाऱ्या स्त्री डॉक्टरांनी बालवधूंच्या इजांच्या नोंदी जोडून सरकारकडे अर्ज केला. विरोधकांचे म्हणणे होते की पहिल्या पाळीनंतर गर्भाधान करणे हे धर्मकर्तव्य आहे आणि परक्या सरकारने त्यात पडू नये. मार्च १८९१ मध्ये कायदा झाला. संमतीचे वय १० वरून १२ वर आले. आज तो आकडा फारच तोकडा वाटतो. पण पाळी नव्हे तर वय पाहायचे, हे तत्त्व तिथून कायद्यात रुजले.

घड्याळ सर्वांचे एकसारखे नाही

कायद्याला एकच आकडा लागतो. शरीराला मात्र एकच आकडा माहीत नसतो. एकाच वर्गात, एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलींपैकी एकीला दहाव्या वर्षी पाळी येते आणि दुसरीला चौदाव्या. दोघीही पूर्णपणे निरोगी असू शकतात. आईला उशिरा पाळी आली असेल तर मुलीलाही बहुधा उशिराच येते. खाणेपिणे सुधारले की पाळी लवकर येते; एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उत्तर युरोपात ती सोळा-सतराव्या वर्षी येत असे, आज तिथे ती तेराव्या वर्षाच्या आसपास येते. चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन हे संप्रेरक शरीरात पुरेसा साठा आहे का, हे मेंदूला कळवत असते. साठा नसेल तर मेंदू थांबतो.

म्हणूनच वाढ मोजायची ती टप्प्यांनी. इंग्लंडमधले डॉक्टर जेम्स टॅनर यांनी वयात येण्याचे पाच टप्पे ठरवून दिले आणि जगभरचे बालरोगतज्ज्ञ आजही तेच वापरतात. मुलांमध्ये पहिला टप्पा म्हणजे वृषणांचा आकार वाढणे. तो ९ ते १४ या वयात सुरू होतो. आवाज फुटणे, मिसरूड येणे हे नंतरचे. मुलांची उंची मुलींच्या मानाने सुमारे दोन वर्षे उशिरा झपाट्याने वाढते. त्यामुळे सातवी-आठवीत मुली उंच आणि मुले बुटकी दिसतात. यात काळजीचे काही नाही.

उशीर केव्हा म्हणायचा, याच्या खुणा ठरलेल्या आहेत. मुलीला १३ पूर्ण होऊनही छातीची वाढ सुरू झाली नसेल, किंवा १५ पूर्ण होऊनही पाळी आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. मुलाला १४ पूर्ण होऊनही कोणतीच खूण दिसत नसेल, तर त्यालाही दाखवावे. उलट मुलीत आठव्या वर्षाआधी किंवा मुलात नवव्या वर्षाआधी या खुणा दिसल्या, तर तेही तपासून घ्यायला हवे.

उशिराचे कारण अनेकदा निव्वळ घराण्याची ठेवण असते, विशेषतः मुलांमध्ये. अशा मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर हाडांचे वय खऱ्या वयापेक्षा मागे दिसते. म्हणजे वाढीला अजून वाव आहे, थोडा धीर धरायचा. पण काही वेळा मागे आजार असतो. कुपोषण, जुना क्षय, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया, थायरॉइड कमी पडणे, आतड्याचे जुने दुखणे यांत शरीर वाढीवर खर्च करायला तयार नसते. मूळ आजार बरा केला, आहार सुधारला, की घड्याळ पुन्हा चालू लागते. सुमारे अडीच हजार मुलींमागे एकीत टर्नर सिंड्रोम असतो. एक्स गुणसूत्राची एक प्रत नसल्याने किंवा अपुरी असल्याने उंची कमी राहते आणि बीजकोश काम करत नाहीत. वेळेवर ओळखले तर संप्रेरकांच्या उपचाराने बरेच साधते. काही मुलांना वास येत नाही आणि वयात येण्याचीही चिन्हे दिसत नाहीत; वासाची तक्रार डॉक्टरांना जरूर सांगावी. छातीची वाढ व्यवस्थित आहे, दर महिन्याला पोटात दुखते, पण पाळी मात्र येत नाही, अशी मुलगी तातडीने दाखवावी. पाळीच्या वाटेवर पडदा असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने तो दूर होतो.

उशीर झाला म्हणून मुलीवर करणी झाली, तिच्यात दोष आहे, असे मानून ते लपवणे चूक. तसेच पाळी आली म्हणून घाईने लग्न उरकणेही चूक. दोन्हींचे मूळ एकच: सगळे शरीर एका पाळीवर मोजायचे.

सुरतेची डॉक्टरीण

रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. मुंबईच्या कामा हॉस्पिटलातल्या डॉ. एडिथ पेची यांनी त्यांना प्रोत्साहन दिले आणि शिक्षणासाठी निधी उभारायला मदत केली. लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयात त्या शिकल्या, १८९४ मध्ये शिक्षण पूर्ण केले आणि भारतात परतून सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात रुजू झाल्या. पुढे राजकोटच्या जनाना रुग्णालयाचा कारभार त्यांनी पाहिला. सुरत आणि राजकोट मिळून सुमारे ३५ वर्षे त्या स्त्रियांवर उपचार करत राहिल्या. जिला पाळी आल्याबरोबर सासरी धाडायचे ठरले होते, तिच्या हाताखाली हजारो स्त्रियांनी उपचार घेतले. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. निवृत्तीनंतर त्या मुंबईला आल्या आणि पडदा पद्धतीविरुद्ध लिहीत राहिल्या.

कायदाही सावकाश का होईना, शरीराच्या मागोमाग चालत राहिला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले, १९४९ मध्ये ते १५ झाले. मे १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आला आणि देशभरातल्या हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क मिळाला. त्यानंतर चार महिन्यांनी, २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडलेल्या रखमाबाईंनी मुंबईत डोळे मिटले. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात मात्र नांदायला येण्याचा दावा लावण्याची तरतूद कायम राहिली, ज्या दाव्याने त्यांना न्यायालयात खेचले होते. मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ हे वय १९७८ मध्ये आले.

अठरा हा आकडा हवेतून आलेला नाही. तोवर बहुतेक मुलींची उंची पूर्ण झालेली असते, कमरेची हाडे रुंदावलेली असतात, पाळी स्थिरावलेली असते. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी जवळपास २२ जणींची लग्ने अठराच्या आत झाली होती.

पिंपळगाव राजाच्या शाळेत आज आठवीत शिकणारी मुलगी रखमाच्या लग्नाच्या वेळच्या वयाहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असते. तिला पाळी आली असेल किंवा नसेल. आली असेल तर तिला लोहयुक्त आहार, स्वच्छता आणि मोकळेपणाने दिलेली माहिती हवी. पंधरा पूर्ण होऊनही आली नसेल तर आशाताईंना विचारून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा खामगावच्या सामान्य रुग्णालयात दाखवायला हवे. दोन्ही वेळी तिने नववीत जावे, दहावीत जावे. तिच्या शरीराचे काम अजून चालू आहे, आणि त्याला आणखी काही वर्षे लागणार आहेत.